काढला, पण निघाला नाही

पेन ड्राइव्ह ‘सुरक्षितपणे काढा’ असं लिनक्सला सांगितलं की खिडकीतून त्याचं नाव जातं, त्याच्यावरचा दिवा विझतो आणि आता काढायला हरकत नाही अशी सूचना येते. एखादी फाइल घ्यायची राहिली हे नेमकं त्यानंतर आठवतं. ड्राइव्ह जागेवरच असतो, कुणी त्याला हातही लावलेला नसतो. पण संगणकाच्या लेखी तो आता नाही. काढून पुन्हा लावला की काम होतं आणि टेबलावरच्या लॅपटॉपपुरतं ते ठीकच आहे. पण दुसऱ्या गावच्या कुलूपबंद खोलीतल्या सर्व्हरला बॅकअपची डिस्क लावलेली असली आणि आपण एसएसएचवरून आत शिरलेलो असलो, तर ती काढून लावायला हात कुठून आणायचा? काढण्यासाठी बटण आहे, कमांडही आहे. परत घेण्यासाठी दोन्ही नाहीत.

हे कुणाच्या नजरचुकीनं राहिलेलं नाही. त्यामागं साठ वर्षांची हकिकत आहे, आणि ती सुरू होते डिस्क आणि ड्राइव्ह या दोन वेगळ्या वस्तू होत्या तेव्हापासून.

आयबीएमनं १९६२ साली १३११ नावाचा ड्राइव्ह आणला. त्यातला डिस्क-पॅक बाहेर काढता यायचा. वजन सुमारे साडेचार किलो, आणि त्यात मावायची वीस लाख अक्षरं. पॅक बदलायचा, ड्राइव्ह मात्र जागचा हलायचा नाही. पुढच्या दशकात डेक कंपनीच्या पीडीपी-११ संगणकांबरोबर आरके०५ हा ड्राइव्ह बऱ्याच विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत पोचला. त्याच्या एका काडतुसात अडीच मेगाबाइटच्या आसपास माहिती बसायची. त्याच्या दर्शनी भागावर एक खटका होता. त्याला दोनच स्थिती, ‘रन’ आणि ‘लोड’. ‘लोड’कडे खटका वळवला की मोटर थांबायची, चकती पुरती स्थिर झाली की दाराची अडसर सुटायची आणि काडतूस काढता यायचं. आणि मन बदललं तर? दार उघडायचंच नाही. खटका पुन्हा ‘रन’कडे. चकती फिरायला लागायची, वाचणारी-लिहिणारी डोकी तिच्यावर यायची, थोड्या वेळानं तयार असल्याचा दिवा लागायचा. आपण आज जी सोय शोधतो आहोत ती १९७०च्या दशकात एका बोटाच्या अंतरावर होती.

युनिक्स याच यंत्रांवर वाढलं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची. तिच्यात माउंट आणि युमाउंट या दोन्ही कमांडा आहेत. युनिक्समध्ये सगळ्या फाइलींचं झाड एकच. दुसऱ्या डिस्कवरचं झाड त्याच्या एखाद्या फांदीला जोडायचं ते माउंट, आणि सोडवायचं ते युमाउंट. जोडताना डिस्कवर भलतंसलतं काही निघालं तर सगळी प्रणाली कोसळेल, असा इशारा पुढच्या काळातल्या पुस्तिकांनी सरळ ‘त्रुटी’ या मथळ्याखाली छापला होता. असा प्रामाणिकपणा आता दुर्मीळ आहे. इथं महत्त्वाचं हे की युमाउंट ना मोटर थांबवायचं, ना दार उघडायचं. प्रणालीनं आपलं काम करायचं आणि माणसानं आपलं. कामं दोन, म्हणून परतीच्या पायऱ्याही दोन: खटका ‘रन’वर, मग माउंट. दोन्ही उलट करता येणाऱ्या.

युमाउंटची गरज का पडायची, तर युनिक्स लिहायला सांगितलेली माहिती लगेच डिस्कवर लिहीत नसे. ती स्मृतीत साठवून ठेवायची आणि सवडीनं लिहायची. त्यासाठी पडद्यामागं एक छोटा प्रोग्राम दर ३० सेकंदांनी ‘सिंक’ करायचा, म्हणजे साठलेलं डिस्ककडं धाडायचा. जुने लोक यंत्र बंद करण्याआधी ‘सिंक’ तीनदा टाइप करायचे. पहिल्या ‘सिंक’नं काम फक्त रांगेला लागायचं, उरलेली दोन टाइप करण्यात जो वेळ जायचा तेवढ्यात डिस्कचं लिहून व्हायचं. पुढं कारण विसरलं गेलं आणि तीनचा आकडा मंत्रासारखा राहिला. आकडा ३०चाही टिकला आहे: आजच्या लिनक्समध्ये न लिहिलेली माहिती स्मृतीत किती जुनी होऊ द्यायची याची मूळ मर्यादा ३० सेकंदच आहे. पेन ड्राइव्हवर फाइल ‘कॉपी झाली’ असं दिसतं तेव्हा ती पुष्कळदा अजून संगणकाच्याच स्मृतीत असते, ती यामुळं.

घरगुती संगणकांत दोन परंपरा पडल्या. १९८४च्या मॅकिंटॉशला फ्लॉपी बाहेर काढायचं बटणच नव्हतं. सोनीचा साडेतीन इंची ड्राइव्ह, फ्लॉपीवर ४०० किलोबाइट, आणि ती बाहेर ढकलणारी मोटर प्रणालीच्या ताब्यात. लिहिणं पुरतं झाल्याशिवाय फ्लॉपी सुटायचीच नाही. फारच अडली तर बारीक भोकात पेपरक्लिप सरळ करून घालायची. बाहेर काढलेल्या फ्लॉपीचं करडं चित्र पडद्यावर मागं राहायचं, ‘ही माझ्या लक्षात आहे’ म्हणून. ते विसरायलाही लावायचं असेल तर चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यावर टाकायचं, आणि नवखा माणूस आपली माहिती पुसली जाईल म्हणून घाबरायचा. डॉसवाल्या पीसीवर याच्या उलट: ड्राइव्हची कळ माणसाच्या हातात, कधीही दाबा. ते चालून जायचं कारण डॉस बहुतेक वेळा लगेच लिहून मोकळं व्हायचं. १९९३च्या डॉस ६.०मध्ये मात्र स्मार्टड्राइव्ह लिखाण मागं ठेवायचा. प्रॉम्प्ट आला म्हणजे काम झालं असं समजून लोक यंत्र बंद करायचे आणि माहिती जायची. पुढच्या ६.२मध्ये मायक्रोसॉफ्टला हे वागणं बदलावं लागलं.

यूएसबी आली ती या दुसऱ्या परंपरेच्या बाजूनं. १.० हे पहिलं प्रमाण जानेवारी १९९६चं. सात कंपन्या त्यामागं होत्या, आणि इंटेलमध्ये ज्यांनी ही कल्पना लावून धरली ते अजय भट्ट बडोद्याचे, महाराज सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. चालू संगणकाला वस्तू लावावी आणि चालू असतानाच काढावी, ही या जोडणीची मूळ अट. प्लगमधल्या वीजपुरवठ्याच्या दोन पट्ट्या माहितीच्या दोन पट्ट्यांपेक्षा लांब ठेवल्या, म्हणजे लावताना वीज आधी पोचते आणि काढताना शेवटी तुटते. वस्तू लागली हे ओळखायची युक्ती तर फारच साधी. उपकरणात १.५ किलोओमचा एक रोध माहितीच्या एका तारेला वर ओढून धरतो. हबच्या, म्हणजे पोर्टं असलेल्या, बाजूला १५ किलोओमचे रोध दोन्ही तारांना खाली ओढत असतात. तार वर गेली की कुणीतरी आलं. खाली आली की गेलं. (यूएसबी ३च्या वेगवान तारांवर पद्धत वेगळी आहे, पण तत्त्व हेच: आहे की नाही ते विद्युत खुणेवरून.) माउस आणि कीबोर्डसाठी याहून जास्त काही लागत नव्हतं. काढताना परवानगी मागणारा माउस कुणाला हवा होता?

मग २००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा थंबड्राइव्ह आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इस्राएलच्या एम-सिस्टिम्सनं बनवलेला ८ मेगाबाइटचा डिस्कऑनकी आयबीएमनं विकायला काढला. इथं साठवणुकीच्या इतिहासात एक गोष्ट गुपचूप बदलली. तोवर डिस्क बाहेर यायची आणि ड्राइव्ह मागं राहायचा. आता ड्राइव्हच खिशात गेला. दार गेलं, अडसर गेली, खटका गेला. माणसाच्या हातात उरला फक्त प्लग.

लिनक्समध्ये ही उपकरणं सांभाळणारा यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर मॅथ्यू धार्म यांच्या देखरेखीखाली वाढला आणि जानेवारी २००१च्या २.४ कर्नलबरोबर सर्वदूर पोचला. त्यानं पेन ड्राइव्ह ही स्कझी डिस्क असल्याचं सोंग घेतलं. म्हणून तर पेन ड्राइव्हला आजही ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं मिळतात. स्कझी ही सर्व्हरवाल्यांची जात. चालू यंत्रातून डिस्क काढणं हा त्यांचा रोजचा धंदा, आणि त्यांची अवजारं कायम जोडीनं असायची. २.४च्या काळात ‘प्रॉक’मधल्या एका फाइलीत ‘एक उपकरण काढ’ असं लिहिता यायचं, तसंच ‘एक उपकरण घाल’ असंही. पुढं सिसएफएस, म्हणजे कर्नलमधली उपकरणं फाइलींच्या रूपात दाखवणारी व्यवस्था, आल्यावर तीच जोडी ‘डिलीट’ आणि ‘स्कॅन’ या फाइलींची झाली. ‘स्कॅन’मध्ये तीन आडव्या रेघा लिहायच्या, म्हणजे कुठलाही मार्ग, कुठलंही लक्ष्य, कुठलाही उपविभाग, सगळं पुन्हा धुंडाळ. पेन ड्राइव्ह केवळ या थरावर ‘डिलीट’ केला असेल तर ‘स्कॅन’नं तो मुकाट परत येतो. सर्व्हरच्या खोलीत वावरणाऱ्या माणसाला परतीची वाट आधी सुचते, हे त्या अवजारांवरूनही दिसतं.

टेबलावरच्या लिनक्सला ही वाट सुचली नाही, कारण तिथला प्रश्न वेगळा होता. लोक न सांगता ड्राइव्ह उपसत होते. मध्यंतरी प्रत्येक लिखाण तत्काळ करायला लावून बघितलं गेलं. २००५च्या २.६.१२ कर्नलपासून फॅट फाइलप्रणालीत हा पर्याय खऱ्या अर्थानं लागू झाला, तेव्हा कॉपी करणं रखडायला लागलं आणि फाइल-कोष्टकाची तीच ती जागा पुन:पुन्हा लिहून फ्लॅश झिजण्याची भीती उभी राहिली. म्हणजे ‘काढण्याआधी सांगा’ हाच मार्ग उरला. डेस्कटॉपसाठी डेव्हिड झ्यूथेन यांच्या हातून आधी हॅल, मग डिव्हाइसकिट-डिस्क्स आणि शेवटी युडिस्क्स अशी साखळी तयार झाली. आज खिडकीतलं ते चिन्ह दाबलं की आत युडिस्क्स काम करतो.

नुसतं अनमाउंट पुरलं नसतं का? फ्लॅशच्या पेन ड्राइव्हला पुरलं असतं. पण यूएसबीवर चालणाऱ्या पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये खरी चकती फिरत असते. वीज अचानक गेली तर डोकी घाईघाईनं माघारी न्यावी लागतात, आणि डिस्क या आणीबाणीच्या माघारींची नोंदही स्वतःच्या आरोग्यपत्रकात ठेवते; बहुतेक डिस्कमध्ये तो १९२ क्रमांकाचा रकाना असतो. शिवाय दिवा विझल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. कर्नलच्या यूएसबी विभागातले ॲलन स्टर्न यांनी २००९च्या सुमारास सिसएफएसमध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी ‘रिमूव्ह’ नावाची फाइल घातली, ती या गरजांच्या पोटी. तिच्यात काहीही लिहिलं की कर्नल आधी उपकरणाची मांडणी सोडवतो आणि मग ते ज्या हबच्या ज्या पोर्टाला लागलेलं आहे ते पोर्ट बंद करतो. युडिस्क्सची ‘पॉवर-ऑफ’ कमांड शेवटी याच फाइलीपाशी येऊन थांबते.

‘पॉवर-ऑफ’ या नावावर फार विसंबू नये. बहुतेक संगणकांत ५ व्होल्टचा पुरवठा चालूच राहतो. होतं असं की बंद पोर्टावर वाहतूक थांबते, आणि ३ मिलिसेकंद तारांवर शांतता राहिली की उपकरणानं झोपी जावं असा यूएसबीचा नियम आहे. झोपेत काही मिलिअँपिअरच्या आतच भागवायचं. दिवा विझतो तो या काटकसरीपायी.

आणि इथंच तो १.५ किलोओमचा रोध आडवा येतो. उपकरण झोपलं तरी त्याचा रोध तार वर ओढूनच धरतो. हब बिचारा प्रामाणिकपणे सांगत राहतो: या पोर्टाला कुणीतरी आहे. कर्नलनं त्याचं ऐकलं तर नुकतं ‘काढलेलं’ उपकरण क्षणात नवं म्हणून आत येईल, माउंट होईल, आणि माणूस ते उपसत असताना त्यावर लिखाण सुरू असेल. ते टाळायला हब-ड्रायव्हरनं प्रत्येक पोर्टामागं एक बिट ठेवला आहे. अर्थ असा: इथं वस्तू आहे, पण ती काढली असं समजायचं. हा बिट लागलेला असेपर्यंत कर्नल त्या पोर्टाकडं बघून न बघितल्यासारखं करतो. तो पुसला जातो तार खाली आल्यावर, म्हणजे कुणीतरी खरोखर हातानं ड्राइव्ह उपसल्यावर.

आपण ‘काढा’ म्हणतो तेव्हा तो हुकूम आहे असं आपल्याला वाटतं. कर्नल त्याला वचन समजतो: मी आता हे उपसणार आहे. मग तो वचनपूर्तीची वाट बघत बसतो, आणि वचन मागं घेण्याची भाषा दोघांच्यात ठरलेलीच नाही. विंडोजचंही तेच. तिथं अशा उपकरणापुढं ४७ क्रमांकाची त्रुटी दिसते आणि खुलासा असा, की उपकरण सुरक्षितपणे काढण्यासाठी तयार केलं आहे पण अजून काढलेलं नाही. आरके०५च्या खटक्याला दोन्ही बाजू होत्या. प्लगच्या जोडीला जो आभासी खटका लिहिला गेला त्याला एकच. माझ्या मते याचा दोष ॲलन स्टर्न यांना देता येणार नाही. त्यांनी बरोबर प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. डिस्क तिथंच ठेवणाऱ्या माणसाचा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्यामुळं परतीच्या वाटा बनल्या त्या दुसऱ्याच कामांसाठी घडवलेल्या अवजारांतून. ड्राइव्ह किती खोलवर ‘काढला’ आहे त्यावर वाट ठरते. नुसता अनमाउंट केला असेल तर पुन्हा माउंट करावा, विषय संपला. ‘इजेक्ट’ कमांड वापरली असेल तर उपकरण दिसत राहतं पण आत डिस्क नाही म्हणून सांगतं. सीडीचा ट्रे आत घ्यायला जो पर्याय होता तोच ‘इजेक्ट’ला दिला तर काही ड्राइव्ह जागे होतात, काही होत नाहीत. यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरपासून सोडवला असेल तर ‘अनबाइंड’ आणि ‘बाइंड’ ही २००५मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी सिसएफएसमध्ये आणलेली जोडी कामाला येते. ती होती ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी, कर्नल पुन्हा सुरू न करता ड्रायव्हर सोडवून जोडता यावा म्हणून.

‘पॉवर-ऑफ’ केलेल्या ड्राइव्हला यातलं काहीच लागू पडत नाही, कारण त्याची सिसएफएसमधली ओळखच पुसलेली असते. बिट हबपाशी आहे, तेव्हा विसरायला हबलाच लावायचं. त्यासाठी सगळ्यांत सोयीची फाइल ‘ऑथोराइज्ड’ नावाची, आणि तिचं कुळ मजेचं आहे. इंटेलमधले इन्याकी पेरेस-गोन्सालेस यांनी ती २००७ साली वायरलेस यूएसबीसाठी घातली. बिनतारी जोडणीत शेजारच्या घरातलं उपकरणही आपल्या संगणकाशी बोलू पाहील, म्हणून आधी ओळख पटवायची आणि मग शून्याच्या जागी एक लिहून आत घ्यायचं. वायरलेस यूएसबी बाजारात टिकली नाही. कर्नलमधूनही तिचा भाग काढून टाकला गेला. दारावरचा हा पहारा मात्र राहिला. आज यूएसबीगार्डसारखी साधनं परक्या पेन ड्राइव्हला रोखायला तोच वापरतात. आपण त्याचा उपयोग उलटा करायचा: ड्राइव्हच्या वरच्या हबच्या ‘ऑथोराइज्ड’मध्ये शून्य लिहायचं, मग एक. हबची जुनी नोंदवही जाते, त्याबरोबर तो बिटही, आणि हब सगळी पोर्टं नव्यानं तपासतो. रोध तार वर धरून बसलेला असतोच. ड्राइव्ह परत येतो.

हब संगणकाच्या आतलाच मूळ हब असेल आणि तरीही दाद देत नसेल, तर अख्खा यूएसबी कंट्रोलर पीसीआयच्या थरावर ‘अनबाइंड’ करून पुन्हा ‘बाइंड’ करता येतो. इंटेलच्या पुष्कळ यंत्रांत त्याचा पत्ता शून्य-शून्य, एक-चार, शून्य असा असतो. धोका एवढाच, की त्या हबवरचं किंवा कंट्रोलरवरचं बाकीचं सगळंही त्या क्षणी जातं. कीबोर्ड गेला तर दुसरी ओळ टाइप कशानं करणार? आणि ज्या यूएसबी नेटवर्क अडॅप्टरवरून आपण दूरच्या सर्व्हरमध्ये शिरलो आहोत तो त्याच हबवर असला, तर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. म्हणून दोन्ही पायऱ्या एकाच स्क्रिप्टमध्ये लिहून, मध्ये थोडा विसावा देऊन, ती जोडणी तुटली तरी चालत राहील अशी पार्श्वभूमीत सोडावी. मूळ फाइलप्रणालीच यूएसबीवर असेल तर या वाटेला जाऊच नये.

प्लगची जागा घेऊ शकेल अशी फाइल मात्र २०२२मध्ये आली. मिखाएल ग्रेशिक यांनी हबच्या प्रत्येक पोर्टाला ‘डिसेबल’ ही फाइल दिली: एक लिहिलं की पोर्ट बंद, शून्य लिहिलं की चालू, आणि हबला जमत असेल तर वीजही त्याबरोबर तुटते. वीज तुटली की रोधाचा जोर जातो, तार खाली येते, आणि हातानं उपसल्यासारखाच परिणाम होतो. ‘हबला जमत असेल तर’ हीच मेख. पोर्टागणिक वीज तोडणं यूएसबीच्या प्रमाणात ऐच्छिक आहे आणि बहुतेक हब बनवणारे ते दोन पैसे वाचवतात. कमांडवरून पोर्टाची वीज तोडणारं यूहबकंट्रोल नावाचं साधन म्हणूनच आपल्यासोबत कोणते हब खरोखर वीज तोडतात याची यादी बाळगतं, आणि दूरच्या सर्व्हरसाठी हब घ्यायचा असेल तर आधी ती यादी बघावी.

परत आलेला ड्राइव्ह कर्नलच्या दृष्टीनं नवाच असतो. नोंदीत त्याला पुढचा उपकरण-क्रमांक मिळतो. जुनं नाव एखाद्या प्रोग्रामनं धरून ठेवलेलं असेल तर ‘एसडीबी’चा ‘एसडीसी’ही होतो. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये म्हणून अक्षर कधी लिहू नये. फाइलप्रणालीचा यूयूआयडी लिहावा, तो बदलत नाही.